चाळणीपुढची जागा

"गौराक्का कुठल्या दवाखान्यात आहेत गं, वैजू?"

पत्रावळे काकू आमच्या कांडपाच्या दारात उभ्या होत्या. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात थर्मास, पदर खांद्यावरून घसरलेला आणि डोळ्यांत पाणी. आमच्या दारात मिरचीनं डोळे चोळणारी माणसं रोजच येतात. पण ही बाई खरंच रडत होती.

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "अगं ए, खोबरं भाजायलीस का कोळसा करायलीस? ये इकडं! चाळणीपुढं उभी राहा!"

काकूंच्या हातातलं शहाळं सुटलं आणि गडगडत जाऊन मिरचीच्या पोत्याला लागलं.

"अगं बया! ही तर हितंच हाय की!"

"मग कुठं असणार?" माझ्या सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय गं सुमन, सकाळी सकाळी रडायला काय झालं? कोण गेलं?"

"तूच की गं!" असं म्हणून काकूंनी त्यांना जी मिठी मारली, ती सोडेचनात.

आक्कांना मिठ्याबिठ्या खपत नाहीत. त्यांनी काकूंना बाजूला केलं आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे हे काय ते तू निस्तर. मी काकूंचा मोबाईल हातात घेतला. त्यावर आमच्याच दुकानाच्या नंबरवरून मेसेज आलेला. वर आक्कांचाच फोटो, नथ घातलेला, जो मीच लावला होता. खाली लिहिलेलं: "मी गौराक्का. मिरजेला दवाखान्यात आहे. तातडीनं पैसे लागतात. खालच्या नंबरवर पाठवा. घरी कुणाला सांगू नका, घाबरतील."

"पाठवले?" मी विचारलं.

"पाठवणार न्हाई व्हय? आक्कानं जन्मात कधी आगाऊ पैसं मागितलं न्हाईत. मसाला न्या, कालवण करा, चव बघा, मग पैसं द्या म्हणणारी बाई! ती मागायलीय म्हटल्यावर किती अडलं असंल!"

आणि काकू एकट्या नव्हत्या. त्या नंबरावर आमचं सगळं गिऱ्हाईक होतं.

जयसिंगपुरात आमचं 'गौराक्का कांडप' माहीत नाही असं घर सापडायचं नाही. चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला कुटून न्यायला रांग लागते. लग्न होऊन आल्यावर बाहेरगावच्या ऑर्डरी मोबाईलवर घ्यायची टूम मी काढली होती. मला एका जागी बसवत नाही, आहे तेच चालू ठेवणं तर मुळीच जमत नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकीबाळींना हाच मसाला लागतो, मग त्यांनी गावी यायची वाट कशाला बघायची? टूम चालली. प्रत्येक पाकिटावर तो एक नंबर छापलेला.

आणि तो नंबर ज्या मोबाईलमध्ये, तो मोबाईल पडलेला असायचा मालनच्या टेबलावर. त्याला कुलूप नाही, काही नाही. मी दोनदा कुलूप लावलं, दोनदा आक्कांनी ते काढायला लावलं. "मिरचीच्या हातानं कोण उघडत बसणार ते?" तेही खरंच होतं. आमच्याकडं दिवसभर सगळ्यांचे हात तिखटात. एक मालनच तेवढी पाकिटं भरायला, म्हणून तिचे हात त्यातल्या त्यात कोरडे. मोबाईल वाजला की ती बघायची, मोठ्यानं वाचायची आणि आक्का यंत्राच्या धडधडीतून ओरडून उत्तर द्यायच्या. तिनं ते टाकायचं. "आक्का, कुलकर्णी विचारायलेत मसाला झाला का!" "उद्या म्हणावं!" "आक्का, चिपळूणचं पार्सल कुठवर आलं, पावतीवरचा आकडा मागायल्यात!" "दे की सांगून!" गिऱ्हाइकानं काही विचारावं आणि आम्ही लपवून ठेवावं, ही रीतच नव्हती आमच्यात.

मी दुकानाचा मोबाईल उचलला. व्हॉट्सॲप उघडलं तर ते म्हणतंय, या नंबरचं खातं दुसऱ्या फोनवर सुरू आहे. मेसेजच्या पेटीत बघितलं तर सहा आकडी कोडांची रांगच लागलेली. मी आमचा नंबर पुन्हा टाकून बघितला. उत्तर आलं, फार वेळा कोड मागवलाय, आता थांबा. आणि खाली घड्याळ उलटं पळायला लागलं. चोरानं मुद्दाम पुन्हा पुन्हा कोड मागवून आमचंच दार आमच्यासाठी बंद करून टाकलं होतं.

माझे यजमान मिरची खरेदीला ब्याडगीला गेलेले, त्यांचा फोन लागेना. मी सायबरच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक बाई बोलल्या. आवाज असा शांत, की माझा जीव आणखीच वरखाली व्हायला लागला.

"ताई, पहिला आलेला कोड तुमच्यापैकी कुणी कुणाला सांगितला का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"ते आधी शोधा. सांगितला असेल, तर सिम अजिबात बंद करू नका. वेळ संपला की त्याच सिमवर नवा कोड येईल, तो टाकला की समोरचा माणूस बाहेर पडेल. पण कुणीच सांगितला नसेल, तर तुमच्या फोनमध्येच कुणीतरी शिरलंय. मग सिम बंद करा, बँकेला कळवा, थांबू नका."

म्हणजे दोन वाटा, आणि दोन्ही उलट्या दिशेला. चुकून सिम बंद केलं, तर नवं मिळेपर्यंत चोर आमच्या नावानं मोकळा. आणि चुकून चालू ठेवलं, तर बँकेचं खातं त्याच नंबराला जोडलेलं. मला एवढंच कळायला हवं होतं, की कोड कुणी सांगितला का. हो किंवा नाही. पोरासोराला विचारावा असला प्रश्न.

मी यंत्रांपाशी गेले आणि सगळ्या बायकांना विचारलं. कुणी बोलेना.

आणि तेवढ्यात मल्लू भाऊजी आले.

मल्लू भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मनानं वाईट नाहीत, पण तोंड आक्कांचं घेतलेलं. बाहेर दोन गिऱ्हाइकांनी त्यांना अडवून आईची तब्येत विचारली होती, दारात काकूंनी कोडाचंही सांगितलं होतं, त्यामुळं ते आधीच पेटलेले. आल्या आल्या त्यांनी टेबलावर हात आपटला.

"कुणी दिला तो कोडाचा नंबर? आत्ताच्या आत्ता सांगा! जिनं दिलाय तिला आज घरी बसवतो! पुन्हा पायरी चढू देणार न्हाई!"

झालं. आता कोण बोलतंय? मी कपाळावर हात मारला.

"भाऊजी, जरा दमानं. मला कोण ते नकोय. दिला का नाही, एवढंच पाहिजे."

"तुम्ही गप्प बसा वहिनी. हे तुमच्याच मोबाईलचं लचांड. आणा ते सिम, बंदच करून टाकतो."

"अजिबात नाही." मी मोबाईल पोटाशी धरला. "आधी कळू दे."

"कळायचं काय त्यात? मोबाईल कुणाच्या टेबलावर असतो?"

सगळ्यांच्या माना मालनकडं वळल्या.

मालन पाकीट भरत होती. तिचा हात थांबला. आमच्याकडं तिची उमर गेली. पोरवयात नवरा गेला, तेव्हापासून ती हितंच. त्या महिन्यात तिच्या लेकीची सोयरीक जमली होती, शिरोळची माणसं येऊन साखरपुड्याचं बोलून गेली होती. मालन उठता बसता सगळ्यांना जावयाचा फोटो दाखवायची. आणि आता मल्लू भाऊजी तिच्यापुढं उभे राहून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारत होते, "किती मिळाले तुला, मालन?"

"मल्लूदादा!" मालनचा आवाज चिरकला.

"दादाबिदा न्हाई. खरं सांग. कुणाला दिलास नंबर?"

मालननं एकदा वर बघितलं. मला वाटलं माझ्याकडं बघतेय. मी म्हटलं, "मालन, अगं बोल की. मी आहे ना." पण तिनं नजर खाली घातली आणि नुसती पाकिटाची कड दुमडत राहिली. तिचं हे गप्प बसणं मला सहन होईना. मी टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. घड्याळ उतरत चाललेलं. आणि दारात आणखी एक गिऱ्हाईक, हातात सफरचंदाची पिशवी, "गौराक्का कशा आहेत?"

आक्का मात्र काही बोलत नव्हत्या. हे मला आधीच खटकायला हवं होतं. एरवी पळीभर तेल सांडलं तर ही बाई सगळी गल्ली जागी करायची. आमच्याकडं एक मोठी चाळणी आहे, छताला टांगलेली, तिच्यातून कुटलेला मसाला चाळतात. जिच्या हातून चूक होईल, तिनं त्या चाळणीपुढं उभं राहायचं आणि काय केलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं, ही आक्कांची शिस्त. मग आक्का झापायच्या. ते ऐकून घेण्यापेक्षा बायका जळकं खोबरं पदरात लपवून घरी न्यायच्या. मी स्वतः नवी असताना एकदा उभी राहिलेय तिथं. लवंग मोजण्यात चुकले होते. आठवलं की अजून कान तापतात.

आणि आज एवढं रामायण चाललेलं असताना आक्का एका पोत्यावर बसल्या होत्या. मांडीवर ते शहाळं. मला वाटलं रक्तदाब वाढला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी घेतला नाही.

"बोलत न्हाईस म्हणजे तूच!" मल्लू भाऊजींनी निकाल दिला. "पोलिसात देऊ का शिरोळला सांगून येऊ, काय करू? चोराच्या घरची पोरगी कोण करणार ते बघतो."

"भाऊजी!" मी ओरडले. "तोंड सांभाळा!"

पण बोलायचं ते बोलून झालं होतं. मालननं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. घडी केली. टेबलावर ठेवली. चप्पल शोधायला वाकली तर तिला एक चप्पल सापडेना, म्हणून ती तशीच एका पायात चप्पल घालून दाराकडं निघाली. मी आडवी गेले. तिनं माझा हात बाजूला केला, हळूच, जणू मला तिखट लागू नये म्हणून.

"जाऊ द्या वैनी. लेकीचं नाव ह्या दारात नको निघायला."

"यंत्र बंद करा."

आक्का बोलल्या होत्या. कुणाला ऐकूच आलं नाही आधी.

"यंत्र बंद करा म्हटलं ना!"

मुसळं थांबली. ऐन वैशाखात आमच्याकडं दिवसा यंत्र थांबत नाही. त्या धडधडीची एवढी सवय झालेली, की ती बंद पडल्यावर कुणाला कुठं बघावं कळेना. आक्का उठल्या. शहाळं पोत्यावर ठेवलं. चालत गेल्या आणि चाळणीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, काय करायलीस?" मल्लू भाऊजी म्हणाले.

"मला बोलू दे." आक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "सकाळी सांगलीच्या देशिंगे वहिनींचा मेसेज आला. मालननं वाचला. आक्का, माझे सहा आकडे चुकून तुमच्या फोनवर गेलेत, तेवढे पाठवा, असा. मालन म्हणाली, आक्का, वैनींना विचारू का? वैनी मागच्या खोलीत हायेत. मी म्हटलं, आकडे द्यायला वैजूला काय विचारायचं? गिऱ्हाईक खोळंबलंय, दे पाठवून. ती म्हणाली, खाली इंग्रजीत काहीतरी लिवलंय. मी म्हटलं, तुला दे म्हणते ना? तिनं माझं ऐकलं. नंबर मी द्यायला लावला."

आक्कांनी पोत्यावरच्या शहाळ्याकडं बघितलं.

"सुमन रडत आली, तेव्हाच मला कळलं होतं. जीभ रेटेना." मग त्यांनी मान वर केली. "मल्ल्या, ओरड. तिच्यावर ओरडलास ना? आता माझ्यावर ओरड. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मल्लू भाऊजी भिंतीकडं बघत राहिले.

"न्हाई ओरडत? मग आधी मालनची चप्पल शोधून दे."

आणि त्या अंगापिंडानं थोराड माणसानं गुडघ्यावर बसून टेबलाखालून चप्पल काढली. मालनच्या पायापाशी ठेवली. मालन मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. आक्का तिच्यापाशी गेल्या नाहीत. चाळणीपुढंच उभ्या राहिल्या. शिस्त म्हणजे शिस्त.

मला रडायला सवड नव्हती. सिम चालू ठेवायचं, एवढं कळलं होतं. भाऊजींना म्हटलं, देशिंगे वहिनींच्या घरी फोन लावा, त्यांचंही खातं चोराकडंच असणार. तसंच निघालं. त्या बिचारीला पत्ताही नव्हता. बायकांनी हात धुतले, लिंबू लावलं, साबण लावला, आणि प्रत्येकीनं आपापल्या मोबाईलवरून ओळखीच्या घरांना फोन करायला सुरुवात केली: आक्का ठणठणीत हायेत, पैसे पाठवू नका. ज्यांना पटत नव्हतं त्यांना मोबाईल आक्कांच्या तोंडाशी नेऊन आक्कांकडून दोन शिव्या ऐकवल्या. मग पटलं.

घड्याळ शून्यावर आलं. नवा कोड आला. मी तो टाकला. टाकताना मालननं मोबाईल खालून धरला होता. पुढं आणखी एक पिन मागितला, तो चोरानं घातलेला, तो काही आमच्याकडं नव्हता. त्यासाठी आठवडाभर थांबावं लागणार होतं. पण चोर बाहेर पडला होता. पत्रावळे काकूंच्या मोबाईलवर पुढचा मेसेज आला नाही. त्या थर्मासातला चहा सगळ्यांना वाटत सुटल्या. आजाऱ्यासाठी आणलेला होता, त्यात साखरच नव्हती.

संध्याकाळी मी मालनला विचारलं, "अगं, तू तरी सांगायचंस ना. एवढं ऐकून का घेतलंस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ह्या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये.

"आक्कांना चाळणीपुढं उभं करू व्हय मी?"

ह्याला बरीच वर्षं झाली. मालनच्या लेकीचा मुलगा आता शाळेत जातो. पुढं मी ह्या विषयात शिरले, शिकले, आता व्यापारी मंडळात, बचत गटांत, कुठं कुठं बोलायला बोलावतात. मोबाईलला कुलूप लावा, दुहेरी पिन घाला, दुकानाचा मोबाईल आणि बँकेचा मोबाईल वेगळा ठेवा, सगळं सांगते. पण सुरुवात तिथून करत नाही. कापडवाले, सराफ, भुसारवाले वह्या काढून बसलेले असतात. मी म्हणते, आधी मला सांगा, तुमच्या दुकानात चूक झाली तर माणूस ती कुणाला सांगतो? वह्या तशाच कोऱ्या राहतात. पुष्कळांना वाटतं ही बाई विषय सोडून बोलायला लागली.

चाळणी अजून तिथंच टांगलेली आहे. पण त्या दिवसानंतर आक्कांनी तिच्यापुढं कुणाला बोलावलं नाही. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून जातो. आणि लगेच येऊन सांगितलं, तर ओरडायचं नाही, आधी चहा द्यायचा, ही शिस्तही आक्कांचीच. ती पाळताना त्यांना किती त्रास होतो ते त्यांच्या जबड्याकडं बघितलं की कळतं.

गेल्या दिवाळीच्या आधी ऐन गर्दीत मल्लू भाऊजी धावत आले. चेहरा पांढराफटक, हातात मोबाईल. ना माझ्याकडं बघितलं, ना आईकडं. सरळ जाऊन चाळणीपुढं उभे राहिले.

"माझ्या हातनं घोळ झाला. लाइट बिलाचा मेसेज आला, लाइट तोडणार म्हणून. मी त्यातलं ॲप टाकून घेतलं."

यंत्रं चालू होती, तरी सगळ्यांनी ऐकलं. आक्का आता फारसं उठत नाहीत, खुर्चीत बसून असतात. त्यांनी डोळे मिटले. ओठ घट्ट दाबले. मला वाटलं आता स्फोट होतो.

मालन पुढं झाली. केस पिकलेत तिचे. तिनं त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेतला, त्याचं इंटरनेट बंद केलं, मोबाईल माझ्याकडं दिला आणि विचारलं, "कधी टाकलं, मल्लूदादा?"

"आत्ताच. तिथनं थेट इकडंच आलो."

"मग बरं झालं आलात," मालन म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.